बाबासाहेबांचं एक सेमिस्टर

सुरुवातीलाच कबूल करते, माझं मराठी कच्चं आहे. पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठीच्या पेपरला निबंध पाठ करून जायचे आणि घरी आल्यावर आप्पांशी अर्धं मराठी अर्धं इंग्लिश बोलायचे. त्यामुळे मराठी विभागासाठी मी लेख देणार म्हटल्यावर माझी रूममेट हसून गादीवरून खाली पडायची बाकी होती! पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता. कारण तो आप्पांना वाचायला द्यायचा आहे.

झालं असं की, यंदा 14 एप्रिलच्या कार्यक्रमात सरांनी मला भाषण करायला सांगितलं. विषय होता ‘विद्यार्थी बाबासाहेब’. मला वाटलं, सोपं आहे. जन्म, शिक्षण, राज्यघटना, महापरिनिर्वाण, चार तारखा सांगितल्या की टाळ्या. तेरा तारखेच्या रात्री हॉस्टेलच्या पोरी खाली रांगोळी काढत होत्या आणि मी वर लायब्ररीतून आणलेलं जाडजूड चरित्र चाळत होते. चाळता चाळता एका ओळीपाशी थांबले. बाबासाहेबांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव घातलं होतं. जर्मनीत!

जर्मनीचं नाव वाचून मी का दचकले ते सांगायला हवं. गेल्या वर्षभरापासून मी शनिवार-रविवार जर्मन शिकते आहे. बी.ई. झाल्यावर तिकडे एम.एस. करायचं माझं स्वप्न आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी फारशी नसते, हे खरं. पण वर्षभराच्या खाण्यापिण्याचे आणि राहण्याचे पैसे आधीच खात्यात दाखवावे लागतात, आणि ती रक्कम आपल्या दहा लाखांच्या वर जाते. आप्पांनी बँकेत चौकशी करून ठेवली आहे. पूर्णा तालुक्यातलं आमचं दोन एकराचं रान, ज्याला कालव्याचं पाणी लागतं, ते तारण ठेवायला ते तयार आहेत. आणि मी? मला तिसऱ्या सेमिस्टरला एम-थ्रीमध्ये एटीकेटी लागली होती आणि ते मी आप्पांना सांगितलं नव्हतं. चौथ्या सेमिस्टरलाही तो विषय निघाला नाही. तेही सांगितलं नव्हतं.

तर अशी मी त्या रात्री बाबासाहेबांचं चरित्र वाचायला बसले. भाषण बाजूला राहिलं. पहाटे तीनपर्यंत वाचत होते, आणि पुढचे कितीतरी दिवस.

बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. निवृत्तीनंतर त्यांची पेन्शन ती किती असणार! मुंबईत परळच्या चाळीतली एक खोली, त्यातच स्वयंपाक, त्यातच झोपणं, त्यातच अभ्यास. भीमरावांना पुस्तकांचं वेड. हे वेड पुरवण्यासाठी रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, त्यांच्याकडून दागिने मागून आणायचे, ते गहाण ठेवायचे आणि पुस्तक घरी यायचं. पेन्शन आली की दागिना सोडवून परत. हे वाचताना मला आमचं कालव्याचं रान आठवलं आणि मी पुस्तक जरा वेळ मिटून ठेवलं.

1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. गुण किती असतील? 750 पैकी 282. आपल्या भाषेत सदतीस टक्क्यांच्या आसपास! आज एवढ्या मार्कांवर आपल्या कॉलेजच्या गेटवरचे काकासुद्धा प्रॉस्पेक्टस देणार नाहीत. पण त्या काळात अस्पृश्य समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणं ही एवढी मोठी गोष्ट होती की त्यासाठी सत्कारसभा भरली. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. लगेचच, 2 फेब्रुवारी 1913 रोजी रामजी वारले. दागिने गहाण ठेवणाऱ्या बापाला मुलाचं पुढचं काहीच बघायला मिळालं नाही.

त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायचा करार. 1913 च्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वय बावीस. आपल्यातल्या फायनल इयरच्या पोरांएवढं.

तिथे ते हॉस्टेलवर राहिले, आपल्यासारखेच. लिव्हिंग्स्टन हॉल नावाच्या वसतिगृहात नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा सोबती होता आणि ही मैत्री आयुष्यभर टिकली. हॉस्टेलमध्ये एका टेबलावर सगळ्यांबरोबर जेवायचं, कुणी जात विचारत नाही, कुणी लांब बसवत नाही. ज्या मुलाला शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसवलं गेलं, ज्याला नळाला हात लावता येत नव्हता, त्याला हे पहिल्यांदा अनुभवायला मिळालं ते घरापासून हजारो मैल दूर.

सुरुवातीचे थोडे दिवस सोडले तर पुढे त्यांनी वेळ वाया घालवला नाही. कोलंबियाच्या नोंदींप्रमाणे त्यांनी तिथे एकूण 60 अभ्यासक्रम घेतले. त्यात अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3 आणि प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन प्रत्येकी एक. आपण इलेक्टिव्ह निवडताना कुठल्या सरांचा पेपर सोपा निघतो ते बघतो, आणि हे महाशय साठ विषय घेऊन बसले! सेलिग्मन हे त्यांचे अर्थशास्त्राचे गुरू. जॉन ड्यूई यांच्या तत्त्वज्ञानाच्या तासांचा तर त्यांच्यावर जन्मभर प्रभाव राहिला. 1915 मध्ये ते एम.ए. झाले. मे 1916 मध्ये एका सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातींच्या उगमावर निबंध वाचला. आपल्याला जी गोष्ट जन्मापासून छळते तिच्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून बघायचं, तिची उत्पत्ती शोधायची, तिची यंत्रणा समजून घ्यायची! मशीन बिघडली म्हणून नुसती लाथ न घालता ती उघडून बघण्यासारखंच झालं ना हे?

1916 मध्येच ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठीही घातलं. आणि 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत येऊन तो पूर्ण करायची परवानगी तेवढी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. पहिल्या महायुद्धाचा काळ होता. ते सुखरूप पोचले, पण त्यांची पुस्तकं ज्या बोटीवर होती ती टॉर्पेडोने बुडाली. न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून पोटाला चिमटा काढून घेतलेली पुस्तकं समुद्रात गेली. सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली, तिच्यातूनच बडोद्याला जायचा खर्च भागला.

आता बडोद्याचं ऐका. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकायला हवं. कोलंबियाचा एम.ए., लंडनला शिकून आलेला हा माणूस करारानुसार नोकरीला हजर झाला आणि त्याला गावात राहायला खोली मिळेना. हिंदू खानावळीत जागा नाही. शेवटी पारशांच्या एका धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे! संध्याकाळच्या आत जागा खाली करायला सांगितली. दोन मित्रांकडे विचारलं, एक हिंदू, एक ख्रिश्चन. दोघांनीही टाळलं. मग ते कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. न्यूयॉर्कच्या वसतिगृहात जागा होती, आपल्या देशात नव्हती. परदेशी शिकायला गेलेला माणूस परत आल्यावर काय होतं, हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारलाच नव्हता. मी फक्त जाण्याची स्वप्नं बघत होते.

पण त्यांना लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास विसरता येईना. नोव्हेंबर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. पगार महिना 450 रुपये, तेव्हा चांगलाच. पण राहणं परळच्या चाळीतच. रमाबाई घर चालवायच्या आणि उरलेला पैसा बाजूला पडायचा. थोडं सिडनहॅमच्या पगारातून साठलं, थोडी मदत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी केली, आणि पाच हजार रुपये नवल भथेनाने उसने दिले. हॉस्टेलचा मित्र असा हवा! 1920 मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. चार वर्षांची मुदत संपायच्या आत.

लंडनचे ते दिवस वाचताना आपल्या पी.एल. म्हणजे प्रिपरेशन लीव्हची मला लाज वाटली. सकाळी ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय उघडायच्या वेळेला दारात हजर, बंद होईपर्यंत आत. दुपारच्या जेवणाला सुट्टी नाही, कारण जेवणाला पैसे नाहीत. घरमालकीण कडक आणि जेवण बेताचं. रात्री भूक लागली की कुणी ओळखीच्याने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे आणि पुन्हा वाचत बसायचं. खोलीतला सोबती रात्री जागा व्हायचा तेव्हा हे पुस्तकातच असायचे. झोपायला ना वेळ होता ना पैसा. शिष्यवृत्तीवर शिकणं वेगळं आणि उसन्या पैशांवर शिकणं वेगळं. इथे प्रत्येक दिवसाचा हिशोब होता.

आणि मुंबईत रमाबाई होत्या. त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही. नवरा साता समुद्रापार, हातात पैसे नाहीत. त्यांच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. एकटे यशवंत तेवढे जगले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्यांवर रमाबाईंचं नाव कुठे छापलेलं नाही. पण त्या पदव्यांचे हप्ते त्यांनीच भरले.

जून 1921 मध्ये बाबासाहेब एम.एस्सी. झाले. आता डी.एस्सी.चा प्रबंध सुरू होता. विषय होता रुपयाचा प्रश्न. आणि इथे ते बॉनचं सेमिस्टर येतं, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

लंडनचा एवढा व्याप चालू असतानाच त्यांनी जर्मनीत शिकायचं ठरवलं. फेब्रुवारी 1921 मध्ये त्यांनी तिकडच्या शिक्षण खात्याला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. स्वतःच्या अक्षरात, जर्मन भाषेत! कोलंबियात घेतलेल्या त्या एका प्राथमिक जर्मनच्या कोर्सचा असा उपयोग झाला. एप्रिल 1922 च्या शेवटी ऱ्हाईन नदीकाठच्या बॉन विद्यापीठात त्यांचं नाव दाखल झालं. तिथे तीनेक महिने काढायचे, लंडनचा प्रबंधही पुरा करायचा, अशी ती धावपळ होती. त्याच साली ते ग्रेज इनचे बॅरिस्टरही झाले. ऑक्टोबरात प्रबंध लंडनला सादर झाला.

मी इंजिनिअरिंगची मुलगी, अर्थशास्त्रात ‘ढ’. पण एक गोष्ट मला फार विलक्षण वाटली. रुपयाची किंमत कशाने टिकते आणि कशाने घसरते यावर प्रबंध लिहिणारा हा विद्यार्थी नेमका 1922 साली जर्मनीत गेला होता. तेव्हा तिथला मार्क डोळ्यांदेखत कोसळत होता. वर्षाच्या मध्यात एका डॉलरला काही शे मार्क पडायचे. नोव्हेंबर 1923 पर्यंत एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडू लागले! लोकांची जन्माची बचत एका पावाच्या किमतीची झाली. सरकारने वाटेल तेवढ्या नोटा छापल्या तर सामान्य माणसाचं काय होतं, ते तिथे रस्त्यावर दिसत होतं. बाबासाहेबांच्या प्रबंधातही मुख्य मुद्दा हाच की चलन काढणाऱ्याच्या हाताला लगाम हवा आणि रुपयाची खरेदीची ताकद टिकली पाहिजे, कारण ती घसरली की सगळ्यात आधी मार बसतो तो गरिबाला.

मग बॉनची पदवी? ती मिळाली नाही. जानेवारी 1923 मध्ये विद्यापीठाने त्यांचं नाव पटावरून कमी केलं. कारण वाचून मी उडालेच. हजेरी नाही! हो, अटेंडन्स कमी म्हणून. आपल्याकडे डिटेन्शनची यादी लागते तेव्हा बोर्डापुढे तोंडं पाडून उभे राहणाऱ्यांनो, हे वाचा. पण लगेच खूष होऊ नका. आपण गैरहजर असतो तेव्हा कँटीनमध्ये असतो. ते गैरहजर होते तेव्हा लंडनच्या प्रबंधाच्या मागे होते.

आणि तो प्रबंध? मार्च 1923 मध्ये परीक्षकांनी तो परत केला. इंग्रज सरकारच्या चलन धोरणावरची टीका त्यांना झोंबली होती. नव्याने लिहून आणा म्हणाले. आपल्या भाषेत सांगायचं तर सबमिशन रिजेक्ट! विचार करा, दहा वर्षांत तीन देश, उसने पैसे, रात्रीचे पापड, घरी मुलांची आजारपणं, आणि शेवटी प्रबंध परत. जवळचे पैसे संपले होते. लंडनमध्ये थांबणं शक्य नव्हतं. एप्रिल 1923 मध्ये ते पदवीशिवाय मुंबईला आले.

लोकांना काय सांगितलं असेल त्यांनी? मला हा प्रश्न फार छळला, कारण माझ्यासमोर तोच होता. चरित्रात जेवढं दिसतं ते एवढंच की त्यांनी लपवाछपवी केली नाही आणि सोडूनही दिलं नाही. मुंबईत बसून प्रबंधाची मांडणी पुन्हा केली, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत, आणि तो परत पाठवला. नोव्हेंबर 1923 मध्ये लंडनने त्यांना डी.एस्सी. दिली. त्याच वर्षी प्रबंध लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापला गेला. तो त्यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला आहे, आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलं त्याची कृतज्ञता म्हणून. मला गहाणातले ते दागिने आठवले. कोलंबियाची पीएच.डी.सुद्धा त्यांना रीतसर मिळाली ती 1927 मध्ये, ठरलेल्या नियमाप्रमाणे प्रबंध छापून दिल्यावर. म्हणजे 1916 ला सुरू झालेलं काम अकरा वर्षांनी पुरं झालं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. महाड, पुणे करार, राज्यघटना. ते मी इथे लिहीत नाही. पण आपल्या भागाशी जोडलेली एक गोष्ट लिहिते. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पदवी घ्यायची तर हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात जावं लागे आणि तिथलं शिक्षण होतं उर्दूत. गरिबाच्या पोराला हैदराबाद म्हणजे परदेशच की! 1948 मध्ये संस्थान भारतात आलं, आणि जून 1950 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू केलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. वसतिगृहंही झाली. पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू, सगळी स्टेशनं औरंगाबादच्या रेल्वेवरच. गाडीत बसलं की पदवीच्या दारात. ज्याला बडोद्यात एक खोली मिळाली नव्हती त्याने मराठवाड्याच्या पोरांसाठी वसतिगृहं बांधली. आणि ज्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत आपली पोरं पोचत नव्हती त्याने 1953 मध्ये बाबासाहेबांना डी.लिट. देऊन गौरवलं.

परत आल्यावर काय करायचं, याचं उत्तर मला इथे मिळालं.

14 तारखेला मी भाषण केलं. बरं झालं म्हणे. पण खरं भाषण त्या रात्री झालं, फोनवर. मी आप्पांना सांगितलं की एम-थ्री दोनदा राहिला आहे. आप्पा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं की दोनदा राहिला ते ठीक, पण सांगायला वर्ष का लागलं. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही. मग मीच म्हटलं की रान आत्ता बँकेत नेऊ नका. आधी एम-थ्री निघू दे, जर्मनची परीक्षा होऊ दे. मग दोन वर्षं इथेच नोकरी करून निम्मे पैसे मी जमवेन, उरलेल्याचं तेव्हा बघू. सिडनहॅमच्या पगारासारखं! आप्पांना सिडनहॅम काय ते कळलं नाही. म्हणून हा लेख.

आप्पा, पान संपत आलं. पेपर परवाच झाला. पाचपैकी चार प्रश्न पूर्ण सोडवले आहेत. निकाल लागला की त्याच दिवशी फोन करीन, काहीही लागला तरी.